बेताच्या पैशांत हार्डटेल सायकल

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ असे आपण मराठीत म्हणतो. आमचे कन्नड भाषिक मित्र म्हणतात, ‘हासिगे इद्दष्टु कालु चाचु.’ शब्द वेगळे असले तरी शहाणपण एकच आहे. नवी सायकल घेताना ही म्हण दोन तऱ्हांनी लागू पडते. खिसा तर मोजावाच लागतो. पण पायही खरोखरच मोजावे लागतात. या दोन मोजमापांकडे दुर्लक्ष करून, रंग आणि गिअरची संख्या पाहून घेतलेल्या कितीतरी सायकली आपल्या महाविद्यालयाच्या सायकल-स्टँडवर वर्षभरात कुरकुरताना दिसतात.

गेल्या वर्षी मी नवी हार्डटेल सायकल घेतली. एका दुकानात संध्याकाळी जमाखर्च लिहून साठवलेले वीस हजार रुपये हाताशी होते. त्याच वर्षी धाकट्या बहिणीचा पी.यू.सी.चा प्रवेश होता. त्यामुळे ‘हे पैसे सायकलीतच का घालायचे?’ हा प्रश्न घरात उघडपणे विचारला गेला, आणि तो रास्तच होता. अर्थशास्त्रात ज्याला वैकल्पिक खर्च म्हणतात तो मला पाठ्यपुस्तकापेक्षा आमच्या स्वयंपाकघरात अधिक स्पष्ट समजला. उत्तर देण्यासाठी दोन महिने दुकाने पालथी घातली, कारागिरांना विचारले, आकडेमोड केली. तिचे सार माझ्यासारख्याच बेताच्या खिशाच्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हार्डटेल म्हणजे काय?

डोंगरी सायकलीचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पुढेमागे कोठेही शॉकअप नसलेली ती रिजिड. पुढच्या चिमट्यात शॉकअप आणि मागची चौकट ताठ ती हार्डटेल. आणि दोन्हीकडे शॉकअप असलेली ती फुल सस्पेन्शन. पुढच्या चिमट्याला दुकानात फोर्क म्हणतात, आणि मीही तोच शब्द वापरणार आहे.

या सायकलीचा जन्म अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मरीन परगण्यात झाला. माऊंट टॅमलपायस नावाच्या डोंगरावरून तेथील काही तरुण १९७० नंतरच्या दशकात जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन मातीच्या वाटेने खाली सुटत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत भरवली. तिचे नाव ‘रीपॅक’. मागच्या हबमधील ब्रेक उतारावर इतका तापे, की आतले ग्रीस जळून जाई आणि खाली पोहोचल्यावर ते पुन्हा भरावे लागे, म्हणून हे नाव पडले. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी खास या कामासाठी नवी चौकट बांधली. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी अशा सायकलींचा व्यवसाय सुरू केला. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची ‘स्टम्पजम्पर’ बाजारात आली आणि डोंगरी सायकल कारखान्यातून मोठ्या संख्येने निघू लागली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा क्रीडाप्रकार प्रथमच समाविष्ट झाला.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे, की शॉकअप असलेला फोर्क डोंगरी सायकलींवर १९९० च्या सुमारास रुळू लागला. म्हणजे त्याआधीची दहापंधरा वर्षे डोंगर विनाशॉकअप उतरले जात होते. चांगली चौकट, मजबूत चाके, जाड टायर आणि भरवशाचे ब्रेक यांवर डोंगरी सायकल उभी राहिली. बाकीचे नंतर आले. बेताच्या पैशांत खरेदी करताना हा क्रम विसरू नये.

आपल्याला ती हवी आहे काय?

हा प्रश्न दुकानदार विचारत नाही, म्हणून आपणच स्वतःला विचारावा. घर ते महाविद्यालय असा केवळ डांबरी रस्ता असेल, तर हार्डटेलची गरज नाही. साध्या ताठ फोर्कची हलकी सायकल त्याच पैशांत अधिक चांगल्या भागांची मिळते आणि कमी श्रमात पळते.

परंतु बेळगावच्या भोवतालचा प्रदेश पाहा. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारातील काळी माती पावसात चाकाला अशी धरते, की चौकट आणि टायर यांमध्ये जागा नसेल तर चाक फिरायचेच थांबते. पश्चिमेकडे जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला गेलो की तांबडी माती आणि जांभा दगड. राजहंसगडाचा चढ चढताना हलका गिअर नसेल तर उतरून सायकल ढकलावी लागते. ज्याचा रोजचा रस्ता शेतातून जातो, किंवा ज्याला रविवारी अशा वाटांवर जायचे आहे, त्याने हार्डटेल जरूर घ्यावी. माझे गाव शहराबाहेर. रोजच्या रस्त्यातला दीड मैल कच्चा आहे, आणि सकाळच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. म्हणून माझ्यापुरते उत्तर ‘होय’ असे आले.

ठरीव रकमेचा नियम

आता मुख्य मुद्दा. किंमत ठरलेली असली की सायकलीवरचा प्रत्येक दिसणारा दागिना कोणत्या तरी न दिसणाऱ्या भागाच्या खर्चातून येतो. कारखानदाराला बारा हजारांत सायकल विकायची आहे, आणि गिऱ्हाईक ‘एकवीस गिअर, दोन डिस्क ब्रेक, दोन शॉकअप’ असे मागते. तो ते सर्व देतो. मग पैसा वाचवायचा कोठे? हबमधल्या छर्‍यांत, ॲक्सलच्या पोलादात, रिमच्या जाडीत, तारांत, पायडलच्या बेअरिंगमध्ये. हे भाग दुकानात दिसत नाहीत. सहा महिन्यांनी रस्त्यावर दिसतात.

म्हणून स्वस्त ‘डबल शॉकअप’ सायकल मी पहिल्याच दिवशी यादीतून काढून टाकली. मागच्या शॉकअपसाठी चौकटीत सांधे, बुश, बोल्ट आणि स्प्रिंग हे सगळे लागते. हे सर्व चांगल्या प्रतीचे बनवायचे तर किंमत आपल्या आवाक्याच्या कितीतरी पलीकडे जाते. स्वस्तात बनवले तर वजन वाढते, सांधे ढिले होतात आणि चढावर पायाचा जोर स्प्रिंग दाबण्यात वाया जातो. बेताच्या पैशांत हार्डटेलच घ्यावी, याचे कारण हेच आहे.

आमच्या गल्लीतील सायकल दुरुस्तीवाले मामा चाळीस वर्षे हे काम करतात. मी विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “गिअर मोजू नकोस बाळ, आधी चाक उचलून फिरवून बघ की.” एका वाक्यात त्यांनी माझा अर्धा अभ्यास सांगितला.

पाय मोजावेत

सर्वांत महत्त्वाची आणि फुकट मिळणारी गोष्ट म्हणजे योग्य माप. कितीही चांगली सायकल चुकीच्या मापाची असली की पाठ, मनगट आणि गुडघे यांची तक्रार सुरू होते. माप कंपनीनुसार एस, एम, एल किंवा इंचांत दिलेले असते, आणि एका कंपनीचे ‘एम’ दुसऱ्या कंपनीच्या ‘एम’शी जुळेलच असे नाही. म्हणून प्रत्यक्ष बसून पाहावे.

भिंतीला पाठ लावून, अनवाणी उभे राहून, जांघेपासून जमिनीपर्यंतची उंची सेंटीमीटरमध्ये मोजावी. या आकड्याला ०.८८३ ने गुणले की पायडलच्या मध्य-अक्षापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची मिळते. माझे माप ७८ सेंटीमीटर. म्हणून सीट सुमारे ६९ सेंटीमीटरवर. दुसरी कसोटी सोपी आहे. चौकटीच्या आडव्या नळीवर दोन्ही पाय टाकून जमिनीवर उभे राहावे. नळी आणि शरीर यांच्यात निदान दोन इंच अंतर असावे. तिसरी, हँडल धरताना कोपर किंचित वाकलेले राहावे. हात पूर्ण ताणले जात असतील तर चौकट मोठी आहे.

चाकांच्या मापाविषयीही थोडे. २६, २७.५ आणि २९ अशी इंचांतील नावे आहेत. टायरवर त्यांचे नेमके आकडे अनुक्रमे ५५९, ५८४ आणि ६२२ मिलिमीटर असे छापलेले असतात. मोठे चाक खड्ड्यावरून सहज जाते, लहान चाक चटकन वळते. उंची बेताची असेल तर २७.५ सोयीचे. २६ इंची नव्या सायकली मोठ्यांसाठी आता कमी निघतात, आणि चांगल्या टायरची निवड त्या मापात मर्यादित राहते.

चौकट : हेच खरे भांडवल

बाकीचे भाग झिजतात आणि बदलतात, चौकट राहते. वाणिज्याच्या भाषेत चौकट ही स्थिर मालमत्ता, आणि टायर, साखळी, ब्रेक-पॅड हा महसुली खर्च. त्यामुळे चौकटीत चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, गिअरचा मागचा डिरेलर ज्या लहान पट्टीवर बसतो ती हँगर बोल्टने काढता येणारी असावी. सायकल त्या बाजूवर पडली तर ही पट्टी वाकते. सुटी असेल तर ती बदलता येते. चौकटीचाच भाग असेल तर चौकटीवर घाव बसतो. दुसरी, मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंना बोट सहज जाईल एवढी जागा असावी. आपल्या काळ्या मातीसाठी हे आवश्यक आहे. तिसरी, हँडलखालची उभी नळी खाली रुंद होत जाणारा दट्ट्या घेऊ शकणारी आहे काय, हे विचारावे. आजचे बहुतेक चांगले फोर्क अशाच दट्ट्याचे येतात. सरळ अरुंद नळी असेल तर पुढे फोर्क बदलण्याची निवड फार आखडते. चौथी, कॅरिअर आणि मडगार्डसाठी भोके असावीत. हार्डटेलवर कॅरिअर म्हणजे कमीपणा असे काहींना वाटते; पण पाठीवरच्या पिशवीने भिजणारा सदरा रोज सहन करावा लागतो तो आपल्याला.

पुढचा शॉकअप

येथे सर्वांत जास्त गोंधळ आहे. शॉकअपची दोन कामे असतात. धक्का बसताच दबणे हे स्प्रिंगचे काम. आणि दबल्यावर बेताने परत येणे हे डॅम्परचे काम. डॅम्पर नसेल तर फोर्क चेंडूसारखा उसळतो आणि हँडल हातातून सुटू पाहते. बेताच्या किमतीच्या सायकलींवर पोलादी स्प्रिंगचे फोर्क येतात, आणि अगदी स्वस्तांत डॅम्पर नावापुरताच असतो. असा फोर्क अडीच किलोच्या घरात भरतो. शिवाय एकच स्प्रिंग सर्वांना, त्यामुळे पंचावन्न किलोच्या विद्यार्थ्याखाली ती जेमतेम दबते. वर दिलेली फिरकी फिरवून स्प्रिंग मऊ होत नाही. ती फक्त आधीपासून कमी-जास्त दाबून ठेवली जाते.

हवेच्या फोर्कमध्ये आपल्या वजनाप्रमाणे हवा भरता येते. बसल्याबरोबर एकूण चालीच्या पाचव्या हिश्शापासून पाव हिश्शापर्यंत फोर्क दबावा, असा साधारण संकेत आहे. हा फोर्क उत्तम, पण त्याने किंमत वाढते.

मग करावे काय? दुकानात फोर्कची परीक्षा घ्यावी. पुढचा ब्रेक दाबून हँडलवर अंगाचा भार टाकावा आणि एकदम सोडावा. फोर्क खटकन उसळला तर डॅम्पर नाही असे समजावे. पुढचा ब्रेक दाबूनच सायकल मागेपुढे हलवावी. नळ्यांत खडखड जाणवली तर बुश ढिले आहेत. चालीची लांबी ८० ते १०० मिलिमीटर पुरे. त्याहून लांब स्वस्त फोर्क ही केवळ शोभा. चढावर फोर्क बंद करण्याची कळ असेल तर चांगलेच. तरीही निवड करायची वेळ आली तर चांगली चाके आणि साधा फोर्क घ्यावा. झगमगता फोर्क आणि कच्ची चाके घेऊ नयेत.

एकवीस गिअरचे गणित

पुढच्या चेनव्हीलचे दाते भागिले मागच्या चकतीचे दाते, हा आकडा म्हणजे पायडलच्या एका फेरीत मागचे चाक किती वेळा फिरते ते. एकवीस गिअरच्या सायकलीवर नेहमी आढळणारा संच घेऊ. पुढे ४२, ३४ आणि २४ दाते. मागे १४, १६, १८, २०, २२, २४ आणि २८. सर्वांत जड गिअर ४२ भागिले १४, म्हणजे ३. सर्वांत हलका २४ भागिले २८, म्हणजे ०.८६. आता मधले पाहा. ४२ भागिले २८ म्हणजे १.५, आणि २४ भागिले १६ म्हणजेही १.५. ४२ व २०, तसेच ३४ व १६ या जोड्या २.१ च्या आसपासच येतात. अशी सगळी एकवीस उत्तरे मी कागदावर मांडली, तेव्हा एकमेकांहून खरोखर निराळी तेरा-चौदाच उरली. त्यातही काही जोड्यांत साखळी फार तिरकी पडते, म्हणून त्या वापरायच्याच नसतात.

आता पुढे ३२ दात्यांचे एकच चेनव्हील आणि मागे ११ पासून ४२ दात्यांपर्यंत नऊ चकत्या असा संच घ्या. जड गिअर २.९१, हलका ०.७६. म्हणजे नऊ गिअरचा पल्ला त्या एकवीस गिअरांपेक्षा मोठा निघाला. २९ इंची चाकाचा परीघ सुमारे २.३ मीटर धरला, तर चढावर पायडलच्या एका फेरीत पहिली सायकल जवळजवळ दोन मीटर जाते आणि दुसरी पावणेदोन मीटर. राजहंसगडाच्या शेवटच्या चढावर हा पाव मीटर गुडघ्यांना समजतो. मागे ३४ दात्यांची मोठी चकती असलेला एकवीस गिअरचा संचही मिळतो आणि तो चढाला पुरतो, हेही सांगितले पाहिजे. मुद्दा एवढाच, की संख्या विचारू नये. सर्वांत लहान पुढचे आणि सर्वांत मोठे मागचे चक्र किती दात्यांचे ते मोजावे.

शिमानो कंपनीच्या भागांची श्रेणी खालून वर टूर्नी, अल्टस, असेरा, अलिव्हिओ, देओरे अशी अनेक वर्षे परिचित आहे. २०२३ मध्ये कंपनीने यांपैकी मधल्या श्रेणींच्या जागी ‘क्यूज’ ही नवी मालिका आणली. मात्र एक सावधगिरी हवी. मागचा डिरेलर सर्वांना दिसतो, म्हणून तो वरच्या श्रेणीचा बसवून बाकीचे भाग निनावी घालण्याची पद्धत आहे. क्रँक, हब, साखळी यांवरही नाव आहे काय ते पाहावे.

फ्रीव्हील की कॅसेट?

हा प्रश्न विचारला की दुकानदार आपल्याकडे जरा निरखून पाहतो. जुन्या पद्धतीत मागच्या चकत्या आणि कटकट वाजणारी यंत्रणा मिळून एकच फ्रीव्हील असते, आणि ती हबवर आट्यांनी घट्ट बसते. त्यामुळे उजव्या बाजूचे छर्रे आत राहतात आणि ॲक्सलचे टोक बराच लांब आधाराविना उरते. खड्ड्यात आदळल्यावर ॲक्सल वाकतो तो तेथेच. माझ्या एका वर्गमित्राचा ॲक्सल एकाच पावसाळ्यात दोनदा बदलावा लागला. कॅसेट पद्धतीत ती यंत्रणा हबचाच भाग असते आणि उजवीकडचे बेअरिंग टोकाजवळ येते. साध्या रस्त्यावर फ्रीव्हील वर्षानुवर्षे चालते. कच्च्या रस्त्यासाठी कॅसेटच श्रेयस्कर.

ओळखण्याची खूण अशी. मागच्या चकत्या उलट्या फिरवाव्यात आणि ॲक्सलजवळ हत्यार बसवायच्या खाचा पाहाव्यात. खाचा चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट. स्थिर राहिल्या तर फ्रीव्हील. आठ, नऊ व दहा चकत्यांच्या नेहमीच्या शिमानो पद्धतीच्या कॅसेट एकाच प्रकारच्या हबवर बसतात, म्हणून पुढे सुधारणा करायलाही वाव राहतो. माझ्या यादीत दोन सायकली उरल्या होत्या. एकीला एकवीस गिअर आणि चमकदार फोर्क; दुसरीला आठ चकत्यांची कॅसेट आणि साधा फोर्क. मी दुसरी घेतली.

ब्रेक आणि टायर

ब्रेक हा जिवाचा प्रश्न आहे. रिम दाबणारे व्ही ब्रेक स्वस्त, हलके आणि कोणीही दुरुस्त करील असे. पण चिखलपाण्यात त्यांची पकड कमी होते आणि मातीने रिम घासली जाते. डिस्क चिखलापासून वर राहते, म्हणून आपल्या पावसाळ्यात ती सरस. तारेचे डिस्क ब्रेक स्वस्तातले असले की पॅडमधील अंतर वारंवार जुळवावे लागते. तेलाचे ब्रेक एका बोटाने लागतात, पण त्यांत हवा शिरली तर ती काढणारा कारागीर गावात हवा. शिमानोच्या ब्रेकमध्ये खनिज तेल लागते. काही इतर कंपन्यांच्या ब्रेकमध्ये डॉट तेल. एकाच्या जागी दुसरे घातले तर आतली रबरे खराब होतात. दुकानाबाहेर चालवून पाहताना दोन्ही ब्रेक स्वतंत्रपणे लावून पाहावेत.

टायर हा खरा पहिला शॉकअप, आणि त्याला जादा पैसे पडत नाहीत. सव्वादोन इंची टायरमध्ये साठ किलोच्या माणसाला कच्च्या रस्त्यावर तीस-पस्तीस पौंड हवा पुरते. डांबरी रस्त्यावर थोडी अधिक. चौकातल्या कॉम्प्रेसरवर दगडासारखी हवा भरून घेतली की महागडा फोर्कही व्यर्थ. कमाल हवेचा आकडा टायरच्या कडेवर छापलेला असतो. तो ओलांडू नये.

दुकान, पावती आणि जुळणी

सायकल दुकानात खोक्यातून अर्धवट जुळवलेली येते. हँडल, पुढचे चाक, पायडल बसवणे, ब्रेक-गिअर लावणे हे दुकानातला कारागीर करतो. म्हणून कारागीर कोण, हा प्रश्न कंपनी कोणती याइतकाच मोठा आहे. ताबा घेण्यापूर्वी दोन्ही चाके उचलून फिरवावीत. चाक डावीउजवीकडे डुलत असेल तर आऊट काढून मागावा. रिम हाताने बाजूला ढकलून पाहावी. हबमध्ये खेळ नको. पहिल्या महिन्यात तारा आणि केबली बसतात, म्हणून पहिली सर्व्हिस चुकवू नये. आपल्याकडे वर्षाकाठी सायकल ‘ओव्हरऑइल’ करतात. मूळ शब्द ओव्हरहॉल असला तरी कामाचे महत्त्व त्याने कमी होत नाही.

पावती पक्की घ्यावी. सायकलींवरील जी.एस.टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. माझ्या सायकलीची करपूर्व किंमत रु. १५,७१४, त्यावर ५ टक्के कर रु. ७८६, एकूण रु. १६,५००. जुन्या दराने हीच सायकल रु. १७,६०० ला पडली असती. छापील कमाल किमतीत कर धरलेला असतो, त्यावर वेगळा कर द्यावा लागत नाही. हमीपत्र घरी नेऊन नव्हे, तेथेच वाचावे. चौकटीला किती वर्षे, कोणत्या भागांना हमी नाही, आणि उड्या मारल्यास हमी रद्द होते काय, हे त्यात असते.

जमाखर्च

वीस हजार रुपये सगळे सायकलीत घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. माझी विभागणी अशी :

सायकल — रु. १६,५००
हेल्मेट — रु. १,२००
पुढचा-मागचा दिवा — रु. ७००
पंप व पंक्चरचे साहित्य — रु. ६००
कुलूप — रु. ५००
दुरुस्तीसाठी राखीव — रु. ५००
एकूण — रु. २०,०००

घरच्या प्रश्नाला उत्तर देताना घसाऱ्याचा हिशेब उपयोगी पडला. समजा, नऊ हजारांची सायकल दोन वर्षे टिकली आणि मग हजार रुपयांना गेली. समान हप्ता पद्धतीने वर्षाचा घसारा रु. ४,०००. साडेसोळा हजारांची सायकल सहा वर्षे टिकली आणि साडेचार हजारांना गेली, तर वर्षाला रु. २,०००. हे आकडे गृहीत धरलेले आहेत. पण सुटे भाग मिळणारी चौकट आणि चांगले हब असले की दुसरे गृहीत खरे ठरण्याचा संभव वाढतो. वडिलांनी तो कागद दोनदा वाचला आणि बहिणीच्या प्रवेशाला किती कमी पडतात ते विचारले. काही कमी पडत नाही याची खात्री झाल्यावर त्यांनी मान डोलावली. ती फी आधीच बाजूला काढून ठेवली होती म्हणूनच हा हिशेब मांडण्याचा मला अधिकार होता, असे मी मानतो.

सायकल घेतल्याला अकरा महिने झाले. एक पावसाळा गेला. ब्रेकचे पॅड एकदा बदलले, दोन पंक्चर झाली, हबला हात लावावा लागला नाही. फोर्क साधाच आहे, आणि त्याविषयी वाईट वाटावे असा प्रसंग अजून आलेला नाही.

मित्रहो, सायकल घेताना प्रथम आपला रस्ता ठरवा, मग माप घ्या, मग चौकट आणि चाके तपासा. गिअर, ब्रेक आणि फोर्क त्यानंतर. रंग सर्वांत शेवटी. आणि खरेदीला जाताना गल्लीतल्या सायकलवाल्या मामांना बरोबर न्या. त्यांची एक दिवसाची मजुरी देऊनही सौदा फायद्याचाच ठरेल.

— बी. कॉम., चौथे सत्र